नगराचा आराखडा आणि नागरिकाचा दिवस

शहरात राहणारा मनुष्य सकाळी दूध आणावयास किती पावले चालतो, त्याची मुले शाळेत एकटी जातात की त्यांना कोणी पोहोचवावे लागते, संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी त्याची गाठ कोठे पडते, या गोष्टी ज्याच्या त्याच्या सवयीवर अवलंबून असतात असे आपण सहसा धरून चालतो. वस्तुतः त्यांपैकी पुष्कळ गोष्टींचा निर्णय तो मनुष्य त्या शहरात राहावयास येण्यापूर्वीच झालेला असतो. रस्ता किती रुंद असावा, घराचे दार कोणत्या बाजूला उघडावे, दुकान कोठे असावे व कोठे असू नये, हे एकदा ठरले की त्याची छाप पुढील कित्येक पिढ्यांच्या दिनक्रमावर पडते. जुन्या शहरांत हे नियम कोणी एका वेळी ठरविलेले नसतात. तेथे शतकानुशतके घरांवर घरे उठलेली असतात, आणि कशाचा परिणाम काय झाला हे वेगळे काढून दाखविणे कठीण जाते. काही शहरे मात्र आधी कागदावर आखली गेली व मग बांधली गेली. आपल्या देशात अशी दोन शहरे विशेष प्रसिद्ध आहेत : १७२७ साली वसविलेले जयपूर, आणि स्वातंत्र्यानंतर उभे राहिलेले चंदीगड. प्रस्तुत लेखात मुख्यतः चंदीगडचा विचार केला असून जयपूरचा उपयोग तुलनेपुरता केला आहे.

चंदीगडच्या जन्माचे कारण सर्वांना परिचित आहे. १९४७ साली फाळणी झाली आणि लाहोर पाकिस्तानात गेले. पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. शिवाय घरदार गमावून आलेल्या लक्षावधी निर्वासितांना आसरा हवा होता. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी जागा निवडण्यात आली. पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मायर यांनी तयार केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोवित्स्की १९५० साली विमान अपघातात मरण पावले, आणि त्यानंतर हे काम फ्रान्समधील स्थापत्यविशारद ल कॉर्बूझिए यांच्याकडे आले. १९५१ च्या आरंभी काही दिवसांतच त्यांनी नवा आराखडा आखला. मायर यांचे वळणदार रस्ते जाऊन त्यांच्या जागी काटकोनात छेदणारे रस्ते आले. प्रत्यक्ष घरे, शाळा व दवाखाने यांचा बराचसा भार मात्र प्येर जानरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू या तिघांनी आणि त्यांच्या हाताखालील तरुण भारतीय स्थापत्यविशारदांनी उचलला. ही गोष्ट नेहमी नीट सांगितली जात नाही, म्हणून येथे मुद्दाम नमूद केली. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले.

या आराखड्याचा मूळ घटक म्हणजे ‘सेक्टर’. त्याची लांबी १२०० मीटर व रुंदी ८०० मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ९६ हेक्टर. एखाद्या कुटुंबाला रोज जे जे लागते ते सारे या आयतात असावे, अशी कल्पना होती : प्राथमिक शाळा, दवाखाना, किराणा, भाजी, खेळण्याचे मैदान. आयताच्या मध्यापासून कडेपर्यंत चालत जावयास दहा मिनिटांपेक्षा फारसा अधिक वेळ लागत नाही. मोटार हे त्या काळी पंजाबात थोडक्यांच्याच नशिबी असलेले वाहन होते. तरी ल कॉर्बूझिए यांनी तिची धास्ती आधीच घेतली होती. वेगवान वाहने आणि पायी चालणारी माणसे यांनी एका रस्त्यावर येऊच नये, हे त्यांचे सूत्र. म्हणून त्यांनी रस्त्यांचे सात वर्ग पाडले. पहिल्या वर्गाचे रस्ते दूरच्या गावांकडे जाणारे. दुसऱ्या वर्गाचे म्हणजे मध्य मार्ग, जन मार्ग यांसारखे शहरातील प्रमुख रस्ते. तिसऱ्या वर्गाचे रस्ते सेक्टरांच्या चारी बाजूंनी जाणारे, केवळ वाहनांसाठी. चौथ्या वर्गाचा रस्ता सेक्टरच्या पोटातून किंचित वळणे घेत जातो, व त्यावर दुकाने असतात. पाचवा व सहावा वर्ग घरांच्या दारापर्यंत पोहोचविणाऱ्या रस्त्यांचा. सातवा म्हणजे हिरव्या पट्ट्यातील पायवाट, जिच्यावरून मुलांनी शाळेत जावे. सायकलींसाठी आठवा वर्ग पुढे जोडण्यात आला.

हे वर्गीकरण वाचताना रुक्ष वाटते, परंतु त्याचा अर्थ पाहण्यासाठी सेक्टर २२ मधील एखाद्या कारकुनाच्या कुटुंबाचा साधारण १९६० सालचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सेक्टर २२ हा सर्वांत आधी बांधून पूर्ण झालेल्या सेक्टरांपैकी एक. सकाळी मुले बागेच्या पट्ट्यातून शाळेत जातात. वाटेत त्यांना मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. गृहिणी भाजी आणावयास चौथ्या वर्गाच्या रस्त्यावर येते. तेथील दुकाने साधारणतः एकाच बाजूला, सावली राहील अशा दिशेला तोंड करून बांधलेली असतात, त्यामुळे खरेदीसाठी रस्ता पुन्हा पुन्हा ओलांडण्याचे कारण पडत नाही. दुकानांवर राहती घरे असतात. चंदीगडच्या पत्त्यांत जो ‘एससीएफ’ असा संक्षेप दिसतो, त्याचा अर्थ ‘वर घर असलेले दुकान’ एवढाच. घरचा पुरुष सायकलीवरून उत्तरेकडे सचिवालयात जातो. हे अंतर चार-साडेचार किलोमीटरांचे. संध्याकाळी तो परत येतो, आणि उन्हाळा असेल तर सारे कुटुंब गच्चीवर किंवा अंगणात निजते.

हे घरही आराखड्यानेच दिलेले होते. सरकारी नोकरांची घरे वेतनानुसार तेरा प्रकारांत विभागलेली होती : पहिला प्रकार मुख्यमंत्र्यांसाठी, तेरावा सर्वांत कमी पगाराच्या नोकरांसाठी. या तेराव्या प्रकारातही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, शौचकूप व छोटे अंगण यांची सोय होती. प्रत्येक घरास नळ आणि प्रत्येक घरास स्वतंत्र संडास, ही गोष्ट त्या काळच्या भारतातील कोणत्याही जुन्या शहरात शिपायाच्या वाट्याला येत नव्हती. चंदीगडवर टीका करणाऱ्यांनी, आणि पुढे आपणही ती करणार आहोत, हे आधी मान्य केले पाहिजे. विटांच्या जाळ्या, खिडक्यांवरील खोल छज्जे, झाडांच्या रांगा यांमुळे उन्हाची तीव्रता कमी होई, व त्यावर अधिक खर्चही होत नसे.

आता सेक्टरच्या बाहेर, तिसऱ्या वर्गाच्या रस्त्यावर यावे. येथे दृश्य एकदम पालटते. या रस्त्यावर घराचे दार उघडत नाही, दुकान नाही, चहाची टपरी नाही. नियमच तसा आहे. वाहनांना सेक्टरमध्ये शिरण्यासाठी चार ठिकाणे, चारी बाजूंच्या साधारण मध्यावर. बाकी सर्व लांबीभर परसाच्या भिंती आणि झाडे. दोन सेक्टर समोरासमोर असूनही त्यांची एकमेकांकडे पाठ असते. दुपारी येथून चालत जाणाऱ्याला दहा-दहा मिनिटे दुसरा पादचारी भेटत नाही. सूर्यास्तानंतर बससाठी थांबलेली एकटी स्त्री भिंतीच्या बाजूला उभी असते. तिच्या हाकेच्या अंतरावर शेकडो घरे असतात, पण त्यांपैकी एकाचीही खिडकी या रस्त्याकडे नसते. १९६१ साली जेन जेकब्स यांनी अमेरिकेतील शहरांविषयी लिहिताना असे दाखविले की, रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः दुकानदार, फेरीवाले, दारात बसलेली माणसे यांच्या सहज पडणाऱ्या नजरेमुळे. चंदीगडच्या मोठ्या रस्त्यांवर ही नजर आराखड्यानेच काढून घेतली.

मोठा रस्ता म्हणजे असाच असावयाचा, असे मात्र नाही. येथे जयपूरची आठवण होते. सवाई जयसिंगाने आपली नवी राजधानी वसविताना, ज्यात विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता, शहराचे चौरस विभाग पाडले. त्यांना तेथे चौकडी म्हणतात. त्यांची बाजू सुमारे ८०० मीटर भरते, म्हणजे चौकडी आणि सेक्टर आकाराने जवळजवळ भावंडेच. जयपूरचे मुख्य रस्तेही सरळ व ऐसपैस आहेत, त्यांची रुंदी तेहतीस मीटरांच्या घरात जाते. दुकानांची उंची, दर्शनी भाग, ओळ हे सारे तेथेही राज्याने ठरवून दिले होते. चंदीगडमध्ये दुकानांच्या दर्शनी चौकटीवर जे निर्बंध आहेत, त्यांची ही सव्वादोनशे वर्षे आधीची आवृत्ती म्हणता येईल.

फरक एकच पण मूलगामी आहे. जयपूरच्या आखणीत सर्वांत मोठा रस्ता हाच सर्वांत मोठा बाजार. दोन चौकड्यांच्या मधून जाणारा रस्ता त्यांना जोडतो, कारण दोहोंची दुकाने त्याच रस्त्यावर समोरासमोर येतात. बाजारामागे गल्ल्या, गल्ल्यांत हवेल्या, कारखाने, मोहल्ले. मणिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या, ठठेरांच्या रस्त्यावर पितळी भांडी, जोहरी बाजारात रत्ने. कित्येक देवळे दुकानांच्या वर असून त्यांच्या पायऱ्या थेट रस्त्यावर उतरतात, आणि त्या पायऱ्यांवर सदैव कोणी ना कोणी बसलेले असते. जेथे मुख्य रस्ते छेदतात तेथे चौपड असते, माणसांनी थांबावे असा प्रशस्त चौक. चंदीगडमध्ये त्याच जागी वर्तुळाकार चौक आहेत; त्यांच्यावर फुलझाडे सुंदर असतात, पण तेथे थांबावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

अर्थात जयपूरचे गुणगान करताना तोल राखावयास हवा. तेथील मोहल्ले व्यवसायानुसार, म्हणजेच बऱ्याच अंशी जातीनुसार वसविलेले होते. चंदीगडने माणसांची विभागणी जातीने न करता पगाराने केली, हे एक पाऊल पुढेच म्हटले पाहिजे. शिवाय जे रस्ते घोडे, पालख्या व पायी चालणाऱ्यांसाठी आखले, त्यांच्यावर आज मोटारी व दुचाक्या यांची इतकी दाटी झाली आहे की, २०२० साली चांदपोल ते बडी चौपड मेट्रो रेल्वे जमिनीखालून न्यावी लागली. तरीही बाजार आणि वाट एकत्र असल्याने माणसाचे कामाला जाणे, खरेदी करणे व ओळखीच्यांना भेटणे ही तिन्ही कामे एकाच फेरीत होतात. चंदीगडमध्ये ती तीन वेगळ्या जागी वाटली गेली आहेत. त्यांना जोडण्यासाठी वाहन लागते. आणि म्हणूनच दरडोई खाजगी वाहनांच्या संख्येत ज्या शहरांचा क्रम देशात वरचा लागतो त्यांत, मोटारीपासून माणसाला वाचविण्यासाठी आखलेले हे शहर आहे.

शहराचा मध्यवर्ती भाग सेक्टर १७. तेथील चौकात वाहनांना मज्जाव आहे, आणि चौमजली इमारतींच्या खालील ओवऱ्यांतून पावसातही हिंडता येते. परंतु या इमारतींत दुकानांवर घरे नाहीत, कचेऱ्या आहेत. संक्षेपही बदलतो : ‘एससीएफ’ ऐवजी ‘एससीओ’. एका अक्षराचा हा फरक. त्याचा परिणाम असा की, दुकाने बंद झाली की चौकही ओस पडतो, कारण तेथे कोणी राहतच नाही.

याउलट सुखना सरोवराचे. १९५८ साली एका पावसाळी ओढ्यास बांध घालून ते करण्यात आले, व काठावरच्या लांब फरसबंदीवर वाहनांना बंदी घातली गेली. तेथे पहाटेपासून रात्रीपर्यंत सर्व थरांतील माणसे चालत असतात. चंदीगडचा खरा चौक कोणता असे विचारले, तर सेक्टर १७ पेक्षा हा बांधच दाखवावा लागेल.

आराखड्यात ज्यांचा विचार झाला त्यांच्याविषयी येथवर लिहिले. ज्यांचा झाला नाही त्यांची कथा निराळी आहे. पहिल्या टप्प्यात, म्हणजे सेक्टर १ ते ३० मध्ये, दीड लाख लोक राहतील व पुढे एकंदर पाच लाख, असा हिशेब होता. त्यात सरकारी नोकर होते, व्यापारी होते, भूखंड विकत घेऊ शकणारे मध्यमवर्गीय होते. शहर बांधणारे मजूर मात्र त्यात नव्हते. बांधकाम संपले की ते आपापल्या गावी परत जातील असे गृहीत धरले गेले. त्यांच्यासाठी तात्पुरत्या वसाहती होत्या, आणि तेथून त्यांना पुनःपुन्हा हलविण्यात आले. मधु सरीन यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासग्रंथात हा इतिहास बारकाईने मांडला आहे. जी खेडी या जागेवर होती, त्यांचेही असेच झाले. पहिल्या टप्प्यातील खेडी पाडली गेली. दुसऱ्या टप्प्यातील बुडैल, अटावा यांसारखी मात्र टिकली, आणि आज सेक्टरांच्या सरळ रेषांमध्ये त्यांच्या अरुंद, गजबजलेल्या गल्ल्या वेगळ्या उठून दिसतात. ज्यांना सेक्टरचे भाडे परवडत नाही त्यांना तेथे खोली मिळते. (पाडलेल्या खेड्यांचा राडारोडा गोळा करून सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ता निरीक्षक नेकचंद यांनी रानात गुपचूप मूर्तींचे राज्य उभे केले. ते बेकायदेशीर होते, परंतु १९७६ साली लोकांना खुले झाले, आणि आज पाहुणे आले की शहरवासी त्यांना आधी तेथेच नेतात.)

फेरीवाल्यांचे असेच. आराखड्यात ठरावीक मापाची पक्की दुकाने होती, हातगाडीला जागा नव्हती. पण पक्क्या दुकानाची किंमत जशी लहान विक्रेत्यास परवडणारी नव्हती, तसे तेथील दर तेराव्या प्रकारच्या घरात राहणाऱ्यास परवडणारे नव्हते. दोघांची गरज एकच असल्यामुळे हातगाड्या आल्या. त्यांना तेथे ‘रेहडी’ म्हणतात. हुसकावून लावल्या तरी त्या परत आल्या, आणि शेवटी प्रशासनाला काही सेक्टरांत ‘रेहडी मार्केट’ नेमून द्यावे लागले. हे बाजार देखणे नाहीत, पण संध्याकाळी सेक्टरमध्ये सर्वाधिक वर्दळ बहुधा तेथेच आढळते. २०१४ साली देशात फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आणि २०१९ च्या अखेरीस सेक्टर १७ मधून फेरीवाल्यांना उठवून इतरत्र नेमलेल्या जागा देण्यात आल्या. विक्रेत्याला जागा मिळाली हे खरे. पण गिऱ्हाईक जाता जाता थांबते अशा जागेवरून तो हलविला गेला, आणि हातगाडीचा सारा धंदाच त्या जाता जाता थांबण्यावर असतो.

झोपड्यांच्या वसाहतींचे पुनर्वसन हा या कथेचा सर्वांत अलीकडील भाग. २००६ साली लहान सदनिकांची योजना आखण्यात आली. धनास येथे २०१३ मध्ये हजारो सदनिका तयार झाल्या, पुढे मलोया येथेही झाल्या. कॉलनी नंबर ५ त्याच वर्षी पाडण्यात आली, आणि कॉलनी नंबर ४ ही १ मे २०२२ रोजी. पात्र ठरलेल्या कुटुंबांना नळ, संडास व पक्के छप्पर मिळाले. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु नकाशा समोर ठेवला की दुसरी बाजू दिसते. धनास व मलोया शहराच्या पश्चिम टोकाला आहेत. औद्योगिक क्षेत्र पूर्व टोकाला. कॉलनी नंबर ४ या औद्योगिक क्षेत्राला लागूनच होती. तेथील कामगार कारखान्यात चालत जात असे. आता त्याला सुमारे दहा किलोमीटर जावे लागते, तितकेच परत यावे लागते. मोठमोठ्या बंगल्यांचे सेक्टर उत्तरेस आहेत. तेथे दोन-तीन घरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला एका घरून दुसऱ्या घरी जाण्यातील वेळही जमेस धरावा लागतो.

२०११ च्या जनगणनेत चंदीगडची लोकसंख्या १०,५५,४५० भरली, मूळ हिशेबाच्या दुप्पट. वाढलेली वस्ती कोठे गेली, हेही आराखड्यानेच ठरविले. उत्तरेकडील सेक्टर विरळ ठेवण्यात आले होते, दक्षिणेकडील दाट. उरलेले लोक शेजारच्या मोहाली, पंचकुला व झिरकपूर येथे गेले. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील एकेका घराचे मजलेवार तुकडे करून स्वतंत्र सदनिका पाडण्यास मनाई केली. मूळ आराखड्याचे रूप जतन व्हावे हा त्यामागील हेतू, आणि बागा, झाडे व मोकळे आकाश यांचा विचार केला तर तो समजण्यासारखा आहे. त्याचबरोबर सेक्टर ८ किंवा ९ मधील एका बंगल्याच्या आवारात एकच कुटुंब राहील, हेही त्यामुळे कायम झाले. त्या घरी काम करणारी बाई, माळी, चौकीदार व मोटारचालक रोज सकाळी धनास, मलोया किंवा बुडैलहून सायकलीने वा बसने येतात, आणि दिवस मावळल्यावर त्याच भिंतींच्या कडेने परत जातात.